मालकाने प्रेत दिलंच नाही तर?

नमस्कार मंडळी. प्राचीन रोमन काळातल्या एका मंडळाचा नियम सांगतो. सभासद वर्गणी भरायचे आणि कुणी मेलं की मंडळ त्याचे अंत्यविधी करायचं. सभासद गुलाम असेल, तो मेला आणि मालकाने किंवा मालकिणीने आकसाने प्रेत ताब्यात दिलं नाही, तर मंडळाने प्रेताविनाच त्याचे अंत्यसंस्कार करावेत.

आपल्याकडे प्रेत सापडलं नाही तर पालाशविधी करतात, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यसंस्कार. इथे प्रेत समोर असायचं, पण ते मालकाची मालमत्ता!

हा नियम रोमजवळच्या लानुव्हियम गावातल्या इ.स. १३६ च्या शिलालेखात आहे. डायाना देवीच्या नावाने चालणारं हे मंडळ. प्रवेशाला १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या वाइनचा एक मोठा रांजण, मग महिन्याला ५ आस (त्याहून छोटी नाणी) वर्गणी. सभासद गेला की अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स, त्यातले ५० चितेपाशी आलेल्यांना वाटायचे. आत्महत्या केली तर काहीच नाही. आणि गुलामाला मुक्ती मिळाली, की त्याने वाइन द्यायची. पार्टी तेव्हाही सुटली नव्हती.

आता खुद्द रोममध्ये चला. १७२६ साली अॅपियन रस्त्यालगत एक भूमिगत दालन सापडलं. सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया, तिच्या नोकरचाकरांचं. भिंतभर कोनाडे, बहुतेक कोनाड्यांत दोन-दोन अस्थिकलश, खाली संगमरवराची छोटी पाटी. पाटीवर नाव आणि काम: केशरचना करणारी, सुईण, वैद्य, मोत्यांचा कारागीर.

अशा जागांना ‘गरिबांचं स्मशान’ म्हणतात, ते मला पटत नाही. साम्राज्याच्या पहिल्या घरातली ही माणसं. आपण कोण होतो हे त्यांना दगडावर कोरून हवं होतं.

कायद्याने गुलामाला लग्न करता येत नसे. तरी अशा पाट्यांवर नवरा, बायको हे शब्द राजरोस कोरलेले सापडतात. पण मालकाचं नावही सुटत नाही. लिव्हियाने मुक्त केलेला पुरुष ‘मार्कस लिव्हियस’ व्हायचा, आणि मार्कस हे तिच्या बापाचं नाव! बंधन तुटलं तरी नावात मालकिणीचं घराणं राहिलंच.

म्हणून मला लानुव्हियमसारखी मंडळं जास्त महत्त्वाची वाटतात. तिथे गुलाम डेक्युरिओ होऊ शकायचा, म्हणजे नगरसभेच्या सदस्याला जी पदवी, तीच मंडळात. लानुव्हियमच्या मेजवानीत माणशी दोन आसचा पाव आणि चार तारल्या ठरलेल्या. घरी मालकाच्या पंगतीला वाढणाऱ्या माणसाला इथे बसायला स्वतःची जागा होती. शिवीगाळ केली तर १२ सेस्टर्स दंड. भांडण उकरायला आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसलं, तर ४.