तुमचा हप्ता जातो कुठे?

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ओळख करून देताना मला 'अर्थतज्ज्ञ' म्हटलं गेलं. तसं काही नाही हो, मी जन्मभर रोख्यांचे हिशेब तपासले, इतकंच. समोरच्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, त्यामुळे मॉर्गेज म्हणजे काय हे सांगत बसत नाही.

आधी माझी तक्रार ऐका. आम्ही घर घेतलं तेव्हा कर्ज देणारा माणूस गोड बोलला, सह्या घेतल्या, आणि थोड्याच दिवसांत पत्र: यापुढे हप्ता अमुक कंपनीकडे भरा. बायको म्हणाली, "म्हणजे विकलं आपल्याला?" म्हटलं, आपल्याला कोण घेतंय! मी सवयीनं पुढचा चेक जुन्याच पत्त्यावर धाडला. नव्या कंपनीनं लगेच लेट फी लावली. फोन लावला. एक दाबा, चार दाबा, मग ते संगीत. शेवटी एक बाई आल्या: "तुमचा हप्ता आलेलाच नाही." म्हटलं, बाई, कर्जाची वसुली दुसरीकडे गेल्यावर साठ दिवस जुन्या कंपनीकडे वेळेत पोचलेला हप्ता उशिराचा धरता येत नाही, कायदा आहे. मग पुन्हा संगीत. फी रद्द झाली, पण 'सॉरी' काही आलं नाही. आणि नंतर? तिसऱ्या कंपनीचं पत्र! मागे जे जोरात हसताहेत, त्यांची चौथी चालू असणार.

पण यातच आजचा विषय आहे. हप्ता गोळा करणारा एक, कर्जाचा मालक दुसराच, आणि हमी देणारा तिसरा.

कार्यवाहांची चिठ्ठी आली: 'दहा मिनिटं, मसालेभात गार होतोय.' भराभर सांगतो.

जिनी मे ही 1968 साली निघालेली सरकारी संस्था. ती कर्ज देत नाही, विकतही घेत नाही, फक्त हमी देते. एफएचए या सरकारी गृहकर्ज-विमा खात्याचा विमा असलेली किंवा माजी सैनिकांना मिळणारी व्हीएची कर्जं सावकार कंपनी एकत्र करते आणि त्यांच्यावर रोखे काढून गुंतवणूकदारांना विकते. तुमचा हप्ता, म्हणजे मुद्दल आणि व्याज, वसुलीचा आणि हमीचा वाटा कापून रोखेधारकाकडे जातो. तुमचा हप्ता थकला तर आधी सावकार कंपनी पदरचे भरते. तीच बुडाली तर जिनी मे, आणि तिच्यामागे अमेरिकन सरकार. असे पहिले रोखे 1970 मध्ये आले.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारनं स्थापलेल्या, पण भागधारकांच्या कंपन्या मात्र कर्जं विकत घेतात आणि रोख्यांची हमी स्वतःच्या नावावर देतात. सरकारची हमी नाही, असं कागदावर स्पष्ट छापलेलं. पण पतसंस्थेच्या कर्जाला काकांनी जामीन म्हणून सही केलेली नसते, तरी पुतण्या अडकला की काकाच भरणार हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं ना, तसं. सप्टेंबर 2008 मध्ये काकांना, म्हणजे सरकारला, दोन्ही पुतणे ताब्यात घ्यावे लागले.

आता मुद्द्याचं, आणि घाईतच. हमी फक्त कर्ज बुडण्याविरुद्ध असते. पैसे किती वर्षं अडकतील, याची कुणीच देत नाही. 2020-21 मध्ये दर तीन टक्क्यांच्या आसपास आले. तुम्ही सगळ्यांनी रिफायनान्स केलंत, म्हणजे कमी दराचं नवं कर्ज घेतलंत, आणि जुनं एकरकमी फिटलं. बिचाऱ्या रोखेधारकाच्या हातात नेमके तेव्हा पैसे, जेव्हा बाहेर व्याज मिळत नाही. 2023 मध्ये दर सात टक्क्यांच्या वर गेले. आता तीन टक्क्यांचं कर्ज सोडतंय कोण? घर विकायलाही कुणी तयार नाही. रोखा लांबला, म्हणजे पैसे परत यायला जास्त वर्षं लागणार, आणि बाजारातली किंमत पडली. सिलिकॉन व्हॅली बँकेकडे असे हमीचे रोखे ढिगानं होते. त्यातलं एकही कर्ज बुडायची गरज पडली नाही. ठेवीदार पैसे मागायला आले, पण पडलेल्या किमतीला रोखे विकून तेवढी रक्कम येईना, आणि 10 मार्च 2023 ला बँकेला टाळं लागलं.

वेळ संपली. फॅनी-फ्रेडीचे शेअर घ्यावेत का, हे जेवताना विचारा. माइकवर सांगणार नाही.