फाइलीलाही मुदत हवी

शाळेच्या आवारापर्यंत पाण्याची पाइपलाइन. ग्रामसभेनं मंजूर केलेली, विकास आराखड्यात चढलेली. पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यावर जमा. तरी मे उजाडला आणि अजून एक फूट चर खोदलेला नाही. इथली जमीन काळी. पहिल्या मोठ्या पावसात चराच्या कडा ढासळतात, जेसीबी रुततो. जूनआधी कार्यारंभ आदेश निघाला नाही, तर काम थेट दिवाळीनंतर.

‘निधी अडला’ असं आपण सहज म्हणतो. पण अडतो कुठे?

केंद्राकडून गावांना निधी मिळतो, त्यासाठी पंधराव्या वित्त आयोगाची अट स्पष्ट होती. केंद्राचा हप्ता आला, की राज्यानं तो कामकाजाच्या १० दिवसांत पुढे द्यायचा. उशीर झाला तर व्याजासह. निवडणूक न होता प्रशासक बसला तर हप्ताच थांबतो, तो प्रश्न वेगळा आणि मोठा. पण पैसे गावात पोहोचल्यानंतर होणाऱ्या उशिराला असं व्याज नाही.

आता कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक पाहा. एकाच अभियंत्याकडे कितीतरी गावं. तो जागेवर येणार, टेप लावणार, दरसूचीप्रमाणे आकडे मांडणार. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. मध्येच त्रुटी निघते, फाइल परत येते. त्रुटीही एकदम सांगत नाहीत. एक दुरुस्त करावी, तर दुसरी निघते. प्रत्येक वेळी सरपंचाची तालुक्याला एक खेप, शेतातला एक दिवस बुडालेला.

काम झालं तरी मोजमाप पुस्तिका भरल्याशिवाय बिल निघत नाही. पैसे सोडायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), दोघांची डिजिटल सही लागते. या अधिकाऱ्याची बदली झाली, की नव्या सहीची नोंद होईपर्यंत व्यवहार ठप्प.

तपासणी व्हायलाच हवी. पैसा लोकांचा आहे. पण साध्या जन्मदाखल्याला लोकसेवा हक्क कायद्यानं २०१५ पासून मुदत आहे. ती विनाकारण चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. एका माणसाच्या दाखल्याला मुदत, मग अख्ख्या गावाच्या पाण्याच्या फाइलीला का नाही?

फाइल मिळाली त्याच दिवशी तारखेसह पोच द्या. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा. मुदत उलटली, तर कोणाच्या टेबलावर आणि का, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या. सुरुवात एखाद्या गटविकास अधिकाऱ्यानं आपल्या तालुक्यापुरती केली तरी चालेल.