यंदा आजीला काय न्यायचं?

नमस्कार मंडळी,

कोजागिरीचं दूध आटतंय तोवर थोडं बोलते. डिसेंबरची भारताची तिकिटं बहुतेकांनी काढली आहेत आणि घरोघरी एकच चर्चा सुरू आहे: यंदा आजी-आजोबांना काय न्यायचं? इथे अमेरिकेत त्यांच्यासाठी खास दिवस आहे. सप्टेंबरातल्या लेबर डेनंतरचा, म्हणजे इथल्या कामगार दिनानंतरचा, पहिला रविवार त्यांचा. त्या सुमारास नातवंडांचे फोटो छापलेले कप, उशा, चादरी, काय हवं ते मिळतं. गेल्या महिन्यात आम्हीही साताऱ्याच्या आजीसाठी असा कप निवडत होतो. चौथीतली लेक शेजारी बसून बघत होती. एकदम म्हणाली, "आई, सगळ्या फोटोंत मी हसतेच आहे. आजीला वाटेल, मी नेहमी हसतच असते."

कप घ्यायचा राहिला. ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही.

खरंच आहे तिचं. आपण तिकडे काय पाठवतो? केक कापताना, बर्फात खेळताना, बक्षीस घेताना. पोहण्याच्या तासाला पोटात गोळा येतो, जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली, यातलं आजीला काही कळतच नाही. मग रविवारी फोनवर "जेवलीस का?" "हो." "शाळा काय म्हणते?" "छान." की लगेच फोन आईच्या हातात. आजीला तरी दुसरं काय सुचणार? आपल्या लहानपणी अंतर्देशीय पत्राच्या घडीवर शेवटच्या दोन ओळी आपल्यासाठी राखलेल्या असत. "ती. आजीस साष्टांग नमस्कार" लिहून झालं की उरलेल्या जागेत दात पडल्याचं, मांजर व्यायल्याचं कोंबायचं. पुढच्या पत्रात पिल्लांची चौकशी असायचीच.

तेव्हा भेट निवडताना मी आता दोनच गोष्टी बघते. तिला नातवंडाचा हात लागलेला हवा, आणि आजी-आजोबांनाही तिच्यात काही करायला हवं.

आपण सगळे आजीच्या मऊ लुगड्याच्या दुपट्यात वाढलो. आता मुलांचे तोकडे झालेले कपडे तिच्या गोधडीत घाला. झबली, फ्रॉक, मंडळाच्या नाटकातला कुर्ता, सगळं चालेल, फक्त सुती घ्या. खेळाच्या टीशर्टचं पॉलिएस्टर सुईखाली सरकतं आणि तिकडच्या उकाड्यात अंगावर नकोसं होतं. थर कमी ठेवा, म्हणजे बॅगेतही मावेल आणि आजीला धुवायलाही जड जाणार नाही. कडेने धावदोरा घालत आत या आणि एखादी ओळ मुलांना घालू द्या. टाके वाकडे येतील. कृपा करून ते उसवून सरळ करू नका.

आमच्या घरी मात्र निघालं ते कालनिर्णय. ते १९७३ साली सुरू झालं, आणि साताऱ्याला माझ्या आईच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे त्याचा खिळा माझ्या आठवणीत कधी बदललेला नाही. दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, सगळं त्याच्यावर. लेकीने फोनवरून सांगायचं, आजीने आपल्या अक्षरात त्या त्या चौकटीत लिहायचं. "भागाकाराची परीक्षा, भीती वाटते." "व्हायोलिन, एकटीने वाजवायचं." एका शनिवारी संध्याकाळी सहाला कार्यक्रम होता. तेव्हा साताऱ्यात रविवारची पहाटे साडेतीन. लेकीने विचार करून सांगितलं, "आजी, तू रविवारात लिही. तुझ्याकडे तेव्हा रविवार असेल." त्या रविवारी सकाळी आजीचा पहिला प्रश्न होता, "तार तुटली नाही ना?" आणि ही पोरगी अर्धा तास बोलत होती, आम्ही तिला चुकीचे सूर वाजल्याचंही सांगताना ऐकलं. पुढच्या वर्षाचं कालनिर्णय ती स्वतः भरून नेणार आहे.

आपल्या मंडळींना एक सांगते, राग मानू नका. वाय-फायवर चालणारी फोटोची चौकट तिकडे लावून देतो आणि आपलं काम झालं असं समजतो. पासवर्ड बदलला की ती पुढचा दिवाळसण येईपर्यंत काळी पडलेली असते. आणि आज समोर बसलेल्या आजी-आजोबांनो, तुम्हीही नातवंडांनी दिलेलं "खराब होईल" म्हणून शोकेसमध्ये ठेवता. वापरा हो. फाटलं तर ती दुसरं करतील.

आता जे सांगते आहे त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. असंच एकदा सांगता सांगता लेक म्हणाली, "आता मंगळवारात लिही." आजी म्हणाली, "मंगळवार नको गं, तिथे माझं आहे." "काय आहे?" "असंच." पुढचा मंगळवारही भरलेलाच निघाला, त्याच्या पुढचाही. मी विचारलं तर, "अगं काही नाही, तू कामाला लाग." शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांनी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. हसरे फोटो फक्त आपणच पाठवतो असं थोडंच आहे!

नातवंडांचं खरंखुरं तिकडे पोचवायचे मार्ग सापडतील. तिकडचं इथे कसं यायचं? डिसेंबरात जाईन तेव्हा फाइल बघेन, डॉक्टरांना भेटेन. पण तोपर्यंत मंगळवारी आईबरोबर कोण जातं, आणि जानेवारीत मी परतल्यावर कोण जाणार, हे बारा हजार किलोमीटरवरून कुणाला विचारू? तुमच्यापैकी कुणी आईवडिलांना याबद्दल बोलतं केलं असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला जरूर गाठा.