रोजच्या दोन रोट्या

२०१५ सालचा डिसेंबर महिना. मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती, खरीप हातचे गेले होते आणि कामाच्या शोधात गाव सोडलेल्या माणसांना शहरात रोज काम मिळेलच याची शाश्वती नव्हती. त्या महिन्याच्या ५ तारखेला औरंगाबादमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बायजीपुरा भागात युसुफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली.

या बँकेचा व्यवहार सरळ आहे. सभासदाने अर्ज भरायचा, आपला क्रमांक घ्यायचा आणि घरी त्या दिवशी शिजलेल्या अन्नातून निदान दोन रोट्या व त्यांच्यासोबत भाजी किंवा सालन, म्हणजे रस्सा, आणून द्यायचे. सुरुवातीला असे सुमारे अडीचशे सभासद होते. शिळे अन्न येथे घेतले जात नाही, आणि आमच्या मते या उपक्रमाचा खरा कणा हाच नियम आहे. उरलेले अन्न देणारा आपली अडचण दूर करत असतो. येथे मात्र कणीक भिजवतानाच परातीत मूठभर पीठ जास्त पडते, कारण आज आपल्या घरात आणखी एक माणूस जेवणार आहे, हे त्या गृहिणीने सकाळीच धरलेले असते.

घेणाऱ्यालाही हात पसरावा लागत नाही. वृद्ध, आजारी, बेरोजगार, ज्यांना भीक मागणे जिवावर येते अशी माणसे येतात आणि अन्न घेऊन जातात. त्यांचा धर्म कोणी विचारत नाही.

त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनीही रोटी बँक सुरू केली, पण वेगळ्या वाटेने. लग्नसमारंभात आणि मेजवान्यांत उरलेले चांगले अन्न फोन येताच उचलायचे आणि फुटपाथवर राहणाऱ्यांपर्यंत पोहोचवायचे, ही त्यांची पद्धत. शहराचा कोपरा न् कोपरा पायाखालचा असलेल्या माणसांना हे काम शोभून दिसते. तरीही लग्नसराई बारा महिने नसते आणि भूक रोजची असते, म्हणून घराघरांतून नेमाने येणाऱ्या थोड्या अन्नाचे मोल आम्हाला अधिक वाटते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील, म्हणजे सवलतीच्या रेशनसाठी निवडलेल्या कुटुंबातील, प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि तो हक्क अत्यंत मोलाचा आहे. पण धान्य शिजवायला चूल लागते, सरपण किंवा गॅस लागतो, भांडी लागतात. गावाकडचा रुग्ण सरकारी रुग्णालयात भरती करून बाहेर आवारात दिवस काढणाऱ्या नातेवाइकाजवळ यातले काहीच नसते. त्याला त्या वेळी शिजवलेली रोटीच हवी असते, आणि ती त्याला शेजारच्या वस्तीतले एखादे घर देऊ शकते.