सॉल्ट लेक सिटी: दोन कॅन्यन आणि पायोनियर म्युझियम, दोघांनी एका दिवसात

मुलांकडे युटामध्ये आला आहात, गाडी हाताशी आहे आणि एक दिवस दोघांनीच बाहेर पडायचंय? मग आधी वार ठरवा. रविवार नको, त्या दिवशी म्युझियम बंद असतं. 24 जुलैही नको. 1847 मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक या खोऱ्यात वसायला आले, तेच ‘पायोनियर’. ते पोचले तो हा दिवस, त्यामुळे राज्यभर सुट्टी आणि शहरात मिरवणूक.

सकाळी लवकर बिग कॉटनवुड कॅन्यन, म्हणजे शहरालगतची डोंगरातली खोल दरी. उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरावर विजांचा पाऊस येतो, आणि शनिवारी वर पार्किंगही लवकर भरतं. टाकी खालीच भरून घ्या, वर पेट्रोल पंप नाही. मोबाईलला रेंजही कुठे असते, कुठे नसते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा.

साधारण 15 मैल चढून गेलं की ब्रायटन आणि सिल्व्हर लेक. सॉल्ट लेक शहर जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर आहे, सुमारे 1,300 मीटर. सिल्व्हर लेक मात्र 2,650 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्याही हजार मीटर वर, आणि तेही अर्ध्या तासात! दम लागतो, डोकं जड होतं. गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग चाला. बी.पी. किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

तळ्याभोवतीची वाट मैलाच्या आतली, सपाट, बरीचशी लाकडी फळ्यांची. पाणी दिसलं की पाय सोडून बसायची आपली सवय, पण इथे ते चालत नाही. शहराला पिण्याचं पाणी याच ओढ्यांमधून जातं, म्हणून पोहणं, पाण्यात उतरणं, कुत्रा आणणं, सगळ्याला बंदी.

परतीचा उतार मोठा आहे. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो, जळका वास येतो आणि पकड सुटत जाते. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर असतो, ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड. तो टाका, इंजिनच गाडीला आवरतं.

खाली आल्यावर थेट शहरात जाऊ नका. शेजारीच लिटल कॉटनवुड कॅन्यन आहे, आणि त्याच्या तोंडाशी टेम्पल क्वारी ट्रेल, म्हणजे जुन्या दगडखाणीतली पायवाट. पाव मैलाहून जरा जास्त, फरसबंदी वाट. शहरातल्या टेम्पलचा, म्हणजे मॉर्मनांच्या मुख्य प्रार्थनामंदिराचा दगड इथला. खडकांवर छिन्नीच्या भोकांच्या रांगा अजून दिसतात. बैलांच्या गाडीला एका खेपेला तीन-चार दिवस लागत. 1873 मध्ये खाणीपर्यंत रेल्वे आली तेव्हा ते थांबलं. टेम्पल पूर्ण व्हायला 40 वर्षं लागली, 1853 ते 1893. ही वाट आधी पाहिली की म्युझियममधल्या वॅगन नुसत्या जुन्या गाड्या वाटत नाहीत.

पायोनियर मेमोरियल म्युझियम मेन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला, कॅपिटॉलजवळ (राज्याच्या विधानभवनाजवळ) आहे. टेम्पल स्क्वेअरवरून (टेम्पलच्या आवारातून) चालत गेलात तर चढ गुडघ्यांना कळेल. गाडी वरच न्या. प्रवेश मोफत, देणगी ऐच्छिक. दोन तास हाताशी ठेवून दुपारीच पोचा.

आतली मांडणी शिस्तीची नाही. हे म्युझियम चालवते वंशज स्त्रियांची संस्था. 10 मे 1869 रोजी अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वे जोडल्या जाण्याआधी इथे आलेल्यांचे वंशज, अशी सदस्यत्वाची अट. त्यामुळे घराघरांतून आलेल्या वस्तू कपाटांत खच्चून भरल्या आहेत: गोधड्या, बाहुल्या, माणसांच्या केसांतून गुंफलेली फुलं. सगळं पाहायच्या नादात पाय दमतात. आधी कॅरेज हाऊसमधल्या वॅगन आणि बग्ग्या पाहा, मग उरलेल्या वेळात केसांची फुलं.