वासा फिरला त्याची गोष्ट

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी प्रवासवर्णनकार नाही. माझं आयुष्य गोदीत गेलं. जहाजाचं वजन, तोल, पाण्याखाली किती जाईल आणि वर किती राहील, याच हिशेबात चौतीस वर्षं गेली. त्यामुळे आयोजकांनी ‘स्टॉकहोममधली प्रेक्षणीय स्थळं’ असा विषय दिला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की यादी मिळणार नाही. यादी फोनवर मिळते. मुलीकडे राहून जी तीन-चार ठिकाणं मी पुन्हा पुन्हा पाहिली, त्यांच्याविषयी बोलतो.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या. हे शहर चौदा बेटांवर वसलंय. एका बाजूला मेलारेन नावाचं गोड्या पाण्याचं प्रचंड सरोवर, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. सरोवराची पातळी समुद्रापेक्षा जेमतेम दोन-सव्वादोन फूट वर. दोन्ही पाणी भेटतात त्या जागेचं नाव स्लुसेन, म्हणजे पाणकुलूप. आता हा बाल्टिक समुद्र तरी कसला? आपल्या अरबी समुद्राच्या मानाने अगदीच अळणी. हे अळणीपण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

जुनं गाव म्हणजे गामला स्तान. अरुंद गल्ल्या, दगडी फरशी. मोर्टेन ट्रोट्सिग नावाची एक बोळ तर शेवटी फक्त ९० सेंटिमीटर रुंद. आमच्यापैकी एकाला तिरकं व्हावं लागलं, कोणाला ते सांगत नाही. मधला चौक स्टुरतोर्येत. तिथे आज लोक निवांत कॉफी पीत बसतात, पण १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या ख्रिस्तियान राजाने याच चौकात ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली. मारल्या गेलेल्यांत एका तरुण सरदाराचे वडील होते. तो सरदार गुस्ताव वासा. त्याने बंड केलं, १५२३ मध्ये स्वीडनचा राजा झाला आणि वासा घराण्याची गादी सुरू झाली.

वासा! आपल्याकडे म्हण आहे, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. तिकडच्या वासाचा अर्थ वेगळा, धान्याची पेंढी, ती त्या घराण्याची खूण. पण गुस्तावच्या नातवाच्या कारकिर्दीत एक वासा खरोखरच फिरला. त्याकडे येतोच.

आधी नगरभवन. लाल विटांची इमारत, जवळजवळ ऐंशी लाख विटा, १०६ मीटर उंच मनोरा, वर तीन सोनेरी मुकुट. १९२३ साली उद्घाटन झालं. इथल्या ‘निळ्या दालना’त दर १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते, तेराशेच्या आसपास पाहुणे असतात. (शांततेचं नोबेल तेवढं ऑस्लोला. तिथे जाऊन विचारू नका, आम्ही विचारलं होतं.) तर आपण मोठ्या उत्सुकतेने निळ्या दालनात शिरतो आणि बघतो तो काय, निळं काहीच नाही! वास्तुरचनाकार राग्नार ओस्टबेरी यांना भिंती गिलावा करून निळ्या रंगवायच्या होत्या. काम चालू असताना उघड्या विटांचा तांबूस रंग त्यांना इतका आवडला की बेत रद्द झाला. नाव मात्र तसंच राहिलं.

वरच्या मजल्यावर सोनेरी दालन. एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त काचेचे आणि सोन्याच्या वर्खाचे तुकडे जडवून भिंती मढवल्या आहेत. लोक समोरच्या भल्यामोठ्या राणीचे फोटो काढतात. तुम्ही मान आणखी वर करा. घोड्यावर बसलेला शहराचा संत एरिक दिसेल, पण त्याचं डोकं छतात गेलंय! गाइड सांगतात की उंचीचा हिशेब चुकला. मग हसून पुढे म्हणतात, एरिकचं डोकं उडवलंच होतं, तेव्हा बरोबरच आहे. मला ती सारवासारव वाटली, पण आवडली. आमच्याकडे असं काही झालं असतं, तर आधी पडदा लावला असता आणि मग समिती नेमली असती.

आता वासा. स्लुसेनहून बोट पकडा, दहा-पंधरा मिनिटांत यूरगोर्डेन बेट येतं. त्याच बेटावर १८९१ पासूनचं स्कान्सेन आहे, देशभरातली जुनी घरं उचलून आणून वसवलेलं उघड्यावरचं संग्रहालय. मुलांना घेऊन जा, अस्वलंही आहेत. मी मात्र तिथे जेमतेम तासभर होतो, कारण बेटाच्या काठावरच्या एका इमारतीच्या छपरातून डोलकाठ्या बाहेर आलेल्या दिसत होत्या.

आत अंधार असतो. लाकडाला उजेड सोसत नाही म्हणून दिवे मंद ठेवलेले. डोळे सरावले की समोर काळं, एकोणसत्तर मीटर लांबीचं ‘वासा’ नावाचं जहाज उभं. प्रतिकृती नव्हे, शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग मूळचे. मागच्या बाजूला सिंह, योद्धे, जलपऱ्या, शेकड्यांनी कोरीव मूर्ती. आणि या जहाजाचा एकूण प्रवास किती? साधारण तेराशे मीटर.

१० ऑगस्ट १६२८. शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म व्हायला अजून दीड वर्ष आहे. दुसरा गुस्ताव आडोल्फ राजा पोलंडशी लढतोय आणि पत्रांवर पत्रं धाडतोय, जहाज कधी मिळणार? ६४ तोफा, त्या दोन मजल्यांवर, त्यातल्या बहुतेक चोवीस पौंडी गोळ्याच्या. मूळ बांधणारा डच कारागीर हेन्रिक हिबर्टसन आदल्या वर्षीच वारलेला. निघण्यापूर्वी धक्क्यावर तोलाची चाचणी झाली. तीस माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवली. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं झुलायला लागलं की आरमारप्रमुख फ्लेमिंग म्हणाला, बस. चाचणी थांबवली, जहाज थांबवलं नाही.

गोदीत काम केलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो. आम्हीही अशी चाचणी घेतो, फक्त माणसांऐवजी मोजलेली वजनं सरकवतो आणि जहाज किती कललं ते मोजतो. वासाचा वरचा भाग जड होता आणि तळात बॅलास्ट, म्हणजे तोल सांभाळायला तळाशी भरायचं वजन, आपलं नीरम, वाढवायला जागाच नव्हती. वाढवलं असतं तर खालच्या तोफांची दारं पाण्याला टेकली असती. तोलाचं गणित तेव्हा कागदावर मांडताच येत नव्हतं, जुन्या अनुभवाच्या मापांवर जहाजं बांधत. दहांपैकी चारच शिडं उभारली होती. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं, सावरलं. दुसरी आली. सलामीसाठी तोफांची दारं उघडीच होती, त्यातून पाणी आत घुसलं. काठावर अख्खं गाव बघत होतं. तीसेक माणसं गेली.

चौकशी बसली. कप्तानाला अटक झाली. तोफा नीट बांधल्या होत्या का, खलाशी प्यायले होते का, सगळं विचारून झालं. बांधणाऱ्यांनी सांगितलं, मापं खुद्द राजाने मंजूर केली होती. राजाला कोण विचारणार? कोणालाही शिक्षा झाली नाही.

पस्तीसेक वर्षांनी पाणबुड्यांनी घंटेसारख्या भांड्यात उभं राहून, आतल्या कोंडलेल्या हवेवर श्वास घेत, त्या काळोख्या थंड पाण्यात बत्तीस मीटर खालून पन्नासच्या वर तोफा काढल्या! नुसत्या आकड्या-हुकांनी. मला या गोष्टीपुढे बाकी सगळं फिकं वाटतं. मग मात्र जहाज विसरलं गेलं. १९५६ साली आंदेर्श फ्रान्सेन नावाच्या हौशी शोधकाने स्वतः बनवलेलं यंत्र तळाशी सोडलं आणि त्यात काळ्या ओकचा तुकडा वर आला. त्याचा तर्क साधा होता. लाकूड पोखरणारा समुद्री किडा खाऱ्या पाण्यात जगतो, बाल्टिकच्या अळणी पाण्यात नाही. कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होडी असलेल्या कोणालाही या किड्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. वासा आपल्याकडे बुडालं असतं तर तोफा आणि दगड तेवढे उरले असते.

पाणबुड्यांनी गाळात जहाजाखालून सहा बोगदे खणले, त्यातून तारेचे दोर ओवले. २४ एप्रिल १९६१ ला, ३३३ वर्षांनी, वासा पाण्यावर आलं. पण लाकूड सुकलं की फाटतं. म्हणून सतरा वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाचे फवारे मारले.

मी तिथे सर्वांत जास्त वेळ घालवला तो एका छोट्या वस्तूपाशी. जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. स्वीडिश फूट बारा इंचांचा, ॲमस्टरडॅमचा अकराचा. एकाच जहाजावर दोन टोळ्या दोन फुटांनी मापं घेत होत्या! जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, त्यामागे हे एक कारण सांगतात. बुडण्याचं ते मुख्य कारण नव्हे, मुख्य कारण वरचं वजन. पण आमच्या वर्कशॉपमध्ये मीटर-फुटाच्या घोळातून काय काय झालंय ते आठवून मी काचेपुढे एकटाच हसत होतो. शेजारच्या बाई जरा बाजूला सरकल्या.

मगाशी कोणीतरी विचारलं, वेळ एकच दिवस असेल तर? सकाळी नगरभवन, मग बोटीने वासा. वासाला तीन तास द्या, आधी तळाशी फिरा आणि मग वरच्या सज्जांतून बघा. परत येताना भुयारी रेल्वेने टे-सेंट्रालेन स्थानकात उतरून निळ्या मार्गिकेच्या फलाटावर जा. खडक तसाच ठेवून त्यावर पांढऱ्या-निळ्या रंगात वेली काढल्यात. बहुतेक लोक तिथे फोटो काढून निघतात. थोडं पुढे गेलात की छतावर माणसांच्या निळ्या सावल्या दिसतात, कोणी शिडीवर, कोणी हत्यार धरलेला. हे स्थानक ज्यांनी बांधलं, ते कामगार. मी तिथे उभा राहून तीन गाड्या सोडल्या. मुलगी फोनवर विचारत होती, बाबा, चुकलात का?