अट कोणी घातली?

मंडळी, सांगलीकरांना सहकार शिकवायला मी आलेलो नाही. बिगर-सभासदाचा ऊस कारखान्याला चालतो, पण वार्षिक सभेत त्याला मत नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परदेशी मदतीच्या बहुतेक योजनांत वंचितांची जागा हीच असते. अहवालात आकडा त्यांचा, फोटोही त्यांचाच, आणि ठराव मात्र दुसऱ्यांचे.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती, गोकुळनगर, इथेच आहे. तिथे 'संग्राम' या संस्थेने 1992 मध्ये एड्स रोखण्याचं काम सुरू केलं. निरोध वाटायचे होते. ते वाटण्याचं काम धंदा करणाऱ्या बायकांनीच हाती घेतलं. गिऱ्हाईक अडून बसलं तर त्याला कसं वळवायचं, धाड पडली तर कुणाला हाक मारायची, हे बाहेरून आलेल्या शहाण्याला काय कळणार? याच बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' 1996 मध्ये उभी राहिली. निरोधांच्या हिशेबापुरत्या त्या सगळ्यांनाच हव्या होत्या. हक्कांचं बोलायला लागल्या, तेव्हा पंचाईत झाली.

अमेरिकेने 2003 मध्ये एड्सविरोधात मोठा निधी उभा केला. त्याच्या कायद्यात एक अट होती: पैसे घेणाऱ्या संस्थेचं वेश्याव्यवसायाविरुद्ध जाहीर धोरण हवं. म्हणजे जिच्या भरवशावर काम चालायचं, तिच्याच पोटापाण्याचा निषेध आधी लिहून द्यायचा! 'संग्राम'ने 2005 मध्ये ते नाकारलं आणि त्या पैशावर पाणी सोडलं. पुढचं तर ऐकाच. ही सक्ती अमेरिकी संस्थांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. त्याच न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं की परदेशी संस्थांना हे संरक्षण नाही. वॉशिंग्टनच्या संस्थेला जे बोलायची मुभा, ते सांगलीच्या बाईने बोलायचं नाही.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. करोनाच्या काळात या बायकांना ओळखपत्र न मागता शिधा द्या, हे 2020 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. बरं, त्यांना ओळखायचं कसं? तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडच्या नोंदींवरून. रेशनच्या धान्यासाठी बाईची ओळख पटवणार कोण, तर रोगाचं खातं!

समितीत एक खुर्ची दिली की समावेश झाला, असं मानणारे पुष्कळ भेटतात. खुर्चीला माझी हरकत नाही. पण अटी ठरून, छापून झाल्यावर मिळालेल्या खुर्चीत बसून ती बाई करणार काय? समाजकार्य शिकणारी मुलं इथे बसली आहेत, त्यांना सांगतो. उद्या संस्थेत लागाल, निधीचे करार हाताळाल. सहीआधी तो कागद मराठीत करून वस्तीत वाचा. बैठक दुपारी ठेवा, संध्याकाळ त्यांच्या कमाईची असते. बुडालेल्या रोजाचे पैसे अंदाजपत्रकात धरा. आणि बायका 'ही अट नको' म्हणाल्या, तर देणाऱ्याला तसं लेखी कळवा.